जोर्वेची खापरे, इनामगावची माणसे

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो, अशी समजूत 1950 पर्यंत कोणी बोलून दाखवली असती, तर तिला खोडून काढण्यासारखे फारसे काही हाताशी नव्हते. नाणेघाटातला लेख, नाशिक-कार्ल्याची लेणी, राजांची नाणी हा सगळा पुरावा सातवाहनांच्या काळाभोवतीचा. त्याआधी सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे. आणि त्याच्याही मागे गेले, तर प्रवरा-गोदावरीच्या गाळात मिळणारी अश्मयुगातली दगडी हत्यारे. हत्यारे घडवणारा माणूस आणि लेख कोरणारा राजा यांच्यामध्ये हजारो वर्षांची पोकळी होती. या काळात दख्खनच्या पठारावर कोणी शेती केली, घरे बांधली, मुलेबाळे वाढवली की नाही, याबद्दल ग्रंथ गप्प होते आणि शिलालेख तर नव्हतेच. ही पोकळी भरून निघाली ती फुटक्या मातीच्या भांड्यांमुळे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठचे जोर्वे या दोन ठिकाणी उत्खनन केले. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, त्यांचे कौतुकही झाले. पण पुढच्या तीस वर्षांचे संशोधन ज्यांच्या आधारावर उभे राहिले, ती तिथली खापरे होती. एका संपूर्ण संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले, तेही त्या खापरांमुळेच.

या खापरात एवढे काय होते? जोर्वेच्या चांगल्या भांड्याची माती बारीक गाळलेली, अंग पातळ आणि भाजणी इतकी पक्की, की तुकड्यावर टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज यावा. बाहेरून तांबडा लेप, त्याला चकाकी नाही, आणि त्यावर काळ्या रंगाच्या रेघांची भौमितिक नक्षी: तिरप्या रेघा, जाळी, चौकटी, लाटा. आकारही मोजकेच आणि ठरलेले. पोटाशी ठळक कंगोरा असलेला वाडगा, उंच मानेचा गोलसर घट, आणि पसरट तोंडाचे, बाजूने लांब तोटी काढलेले भांडे. भांडी वेगाने फिरणाऱ्या चाकावर घडवलेली आहेत, हे आतल्या बाजूच्या सलग वळ्यांवरून कळते. तुकडा मोडून आतला भाग पाहिला आणि मधोमध काळसर पट्टा उरलेला नसून लाली आरपार गेलेली दिसली, तर भट्टीत हवा भरपूर खेळत होती आणि आच पुरेसा वेळ टिकली होती असे समजावे. म्हणजे तळहाताएवढ्या खापरात माती निवडणाऱ्याची नजर, चाकावरचा हात, भट्टी लावणाऱ्याचा अंदाज आणि नक्षीबद्दलची गावाची आवड, असे चार प्रकारचे ज्ञान एकत्र साठलेले असते. त्यातला बराचसा भाग कुंभाराने शिष्याला किंवा मुलाला तोंडी आणि हातानेच शिकवला असणार. लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही, आणि तांब्यासारखी वितळवून पुन्हा वापरता येत नाही. फुटलेले भांडे कोणी चोरत नाही, वारसाहक्काने जपतही नाही. ते फुटले त्याच्या आसपासच पडून राहते. म्हणून खापर हा पुरातत्त्वातला सर्वांत प्रामाणिक पुरावा मानला जातो. फ्लिंडर्स पेट्री यांनी ही ताकद 1899 मध्येच दाखवून दिली होती. इजिप्तमधल्या राजवंशपूर्व काळातल्या शेकडो थडग्यांचा काळ ठरवायला त्यांच्याजवळ लेख नव्हते, एकावर एक साठलेले थरही नव्हते. त्यांनी थडग्यांतल्या भांड्यांचे आकार हळूहळू कसे बदलत गेले ते पाहिले आणि तेवढ्यावरून थडग्यांचा आगेमागेचा क्रम लावला. मात्र खापराच्या प्रामाणिकपणाला एक मर्यादा आहे, आणि या लेखाचा सगळा रोख तिच्याकडेच आहे. खापर माणसांच्या सवयी सांगते. ते माणसांची नावे सांगत नाही. लोक काय शिजवत, कसे ओतत, कोणाशी देवघेव करत, कशावर मेहनत घेत आणि कधी ती मेहनत परवडेनाशी झाली, हे त्यातून कळू शकते. ते कोणती भाषा बोलत आणि स्वतःला काय म्हणवत, हे कळत नाही. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाचा इतिहास नीट वाचला, तर या मर्यादेने अभ्यासाचे नुकसान केलेले नाही. उलट, ती पाळली गेली तिथेच निष्कर्ष टिकले.

जोर्वेनंतर नेवासे, प्रकाशे, दायमाबाद, चांदोली अशी एकेक स्थळे उजेडात आली. कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला, तर जोर्वे पद्धतीची भांडी मिळालेली स्थळे आज महाराष्ट्रात दोनशेहून अधिक आहेत. तापी खोऱ्यातल्या प्रकाशे येथे आणि प्रवराकाठच्या दायमाबादला थरांचा क्रम स्पष्ट मिळाला. दायमाबादला सर्वांत खाली सावळदा पद्धतीची भांडी, त्यावर उत्तर हडप्पा, मग तिथली स्वतंत्र दायमाबाद पद्धत, त्यानंतर माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. माळवा भांड्याचे अंग जाडसर, लेप पिवळट-नारिंगी, नक्षी गडद तपकिरी. नर्मदेकाठच्या नावडातोली येथील उत्खननामुळे ते प्रसिद्धीला आले. जोर्वेच्या कुंभाराने माळव्याचे काही आकार आणि नक्षीची काही वळणे उचललेली दिसतात, पण माती अधिक बारीक गाळली आणि भाजणी कितीतरी सुधारली. एका थरात एक भांडे संपते आणि दुसऱ्यात दुसरे अचानक अवतरते, असेही सगळीकडे घडत नाही. काही थरांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. म्हणून माळवा ते जोर्वे या प्रवासाकडे एका परंपरेतला बदल म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक आहे. ‘माळव्याच्या लोकांना हाकलून जोर्वेचे लोक आले’ ही गोष्ट सांगायला सोपी खरी, पण तिच्यासाठी लागणारा पुरावा जमिनीत मिळालेला नाही.

ही परंपरा प्रत्यक्षात कशी जगली, याचे सविस्तर चित्र मिळाले ते इनामगावला. पुण्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावरचे हे टेकाड डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात टप्प्याटप्प्याने खणले. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. उभा खड्डा घेऊन फक्त थर मोजण्यापेक्षा मोठे क्षेत्र आडवे उघडायचे, हा तिथला निर्णय महत्त्वाचा ठरला, कारण त्यामुळे 130 हून अधिक घरे नजरेसमोर आली आणि कोणते भांडे कोणत्या घरात, कोणत्या कोपऱ्यात होते हे सांगता आले. वस्तीचे तीन टप्पे ठरले: सुमारे इ.स.पू. 1600 ते 1400 माळवा, 1400 ते 1000 पूर्व जोर्वे आणि 1000 ते 700 उत्तर जोर्वे. पूर्व जोर्वे काळात लांबरुंद चौकोनी घरे, जवाची शेती, शेतीसाठी पाणी वळवणारा पाट आणि बांध, धान्य साठवण्याची सोय, असे बऱ्यापैकी सुस्थितीतले गाव दिसते. कुंभाराची गोल भट्टी मिळाली. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि सधन शेतकरी मध्यभागी राहत, असे ढवळीकरांनी मांडले. म्हणजे जे भांडे आपण ‘जोर्वे संस्कृतीचे’ म्हणतो, ते त्या गावातल्या एका ठरावीक बाजूला राहणाऱ्या, ठरावीक कसब जाणणाऱ्या लोकांच्या हातचे होते आणि वापरत ते सगळे होते. बनवणारा आणि वापरणारा यांच्यातला हा फरक ध्यानात ठेवला, तर ‘भांड्याचे लोक’ हा शब्दप्रयोगच किती ढिला आहे ते लक्षात येते.

भांड्यांच्या वापरातली शिस्त सर्वांत ठळक दिसते ती दफनांत. इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत मुलांची संख्या मोठी आहे. मूल गेले, की घरातल्याच जमिनीत खड्डा खणून, राखाडी रंगाचे दोन जाडेभरडे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यांत मुलाला निजवत. शेजारी मात्र तांबडी, रंगवलेली, नाजूक जोर्वे भांडी: एखादा कंगोऱ्याचा वाडगा, एखादे तोटीचे भांडे. एकाच खड्ड्यात, एकाच दिवशी, एकाच कुटुंबाने दोन प्रकारची भांडी दोन वेगळ्या कामांसाठी निवडली. राखाडी घट देह ठेवण्यासाठी, रंगीत भांडे मुलाबरोबर पाठवायच्या अन्नपाण्यासाठी. समजा, एखाद्या अभ्यासकाला या खड्ड्यातले केवळ राखाडी घट मिळाले असते आणि दुसऱ्याला केवळ रंगीत भांडी, तर दोघांनी बहुधा दोन वेगळ्या ‘संस्कृती’ नोंदवल्या असत्या. प्रौढांना लांब खड्ड्यात पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. याला एक लक्षवेधी अपवाद आहे. गावातल्या एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घरात एका पुरुषाला चार पायांच्या, मोठ्या पोटाच्या मातीच्या रांजणात बसलेल्या अवस्थेत पुरले होते आणि त्याचे पाय शाबूत होते. हा गावचा प्रमुख असावा, असे उत्खनकांचे म्हणणे आहे. तसे असो वा नसो, मातीचे भांडे इथे दर्जाची खूणही झाले होते एवढे नक्की.

इ.स.पू. 1000 च्या सुमारास चित्र पालटते. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली दायमाबाद, नेवासे यांसारखी गावे ओस पडतात. भीमा खोऱ्यात इनामगाव टिकून राहते, पण पूर्वीसारखे नाही. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्यांचे पुंजके येतात. भांडी जाडीभरडी होतात, माती नीट गाळलेली नसते, आणि रंगवलेली नक्षी बहुतेक भांड्यांवरून नाहीशी होते. इथे खरी परीक्षा आहे. घरे बदलली, भांडी बदलली, मग माणसेही बदलली का? जुन्या पद्धतीने विचार करणारा अभ्यासक ‘होय’ म्हणाला असता आणि कुठून तरी एखादी गरीब, रानटी टोळी आणून इनामगावात बसवली असती. पण भांड्यांचे आकार पाहिले, तर तेच वाडगे, त्याच तोट्या, तेच घट ओळखू येतात. उतरली आहे ती कारागिरी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातल्या जमिनीखाली दोन घटांत मुले पुरण्याची रीत आणि प्रौढांचे पाय तोडण्याची रीत दोन्ही चालू राहिल्या. बाहेरून आलेल्या लोकांनी आधीच्या लोकांचा इतका खासगी, इतका विचित्र विधी जसाच्या तसा उचलावा, हे संभवत नाही. म्हणून उत्तर जोर्वेची कळाहीन भांडी हलाखीत सापडलेल्या त्याच लोकांची आहेत, हा निष्कर्ष मला भक्कम वाटतो. भांडे बदलले म्हणून माणसे बदलली असे म्हणायचे झाले, तर गेल्या शंभर वर्षांत घराघरांतली पितळेची पातेली आणि घागरी जाऊन स्टील आले, त्यावरून महाराष्ट्रावर कोणीतरी स्वारी केली असे भविष्यातल्या उत्खनकाने लिहायला हरकत नाही.

हा मुद्दा सावधपणाने मांडावा लागतो, कारण याच चुकीने पुरातत्त्वाचे मोठे नुकसान केले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत गुस्ताफ कोसिना यांनी वस्तूंचा पट्टा म्हणजेच वंशाचा पट्टा असे समीकरण मांडले, आणि पुढे नाझींनी त्याचा आधार घेऊन शेजाऱ्यांच्या जमिनीवर हक्क सांगितला. आपल्याकडे हस्तिनापूरच्या 1950-52 च्या उत्खननानंतर ब्रज बासी लाल यांनी राखाडी रंगाच्या चित्रित भांड्यांचा संबंध महाभारतातल्या स्थळांशी जोडला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सांकळिया स्वतःही या मोहातून सुटले नव्हते. नावडातोली आणि जोर्वेच्या तोटीच्या भांड्यांचे साधर्म्य इराणमधल्या सियाल्कसारख्या स्थळांवरच्या भांड्यांशी पाहून त्यांनी पश्चिम आशियाशी संबंध आणि त्यातून आर्यांच्या आगमनाची शक्यता मांडली. साधर्म्य दिसते, हे खरे. पण तोटी ही द्रव ओतण्याच्या गरजेतून कुठेही सुचू शकते, आणि दोन प्रदेशांतला आकार सारखा म्हणजे तो आणणारे लोक एकच, हे सिद्ध करायला मधल्या वाटेवरची स्थळे, जुळणारा काळ आणि भांड्यांखेरीज इतर रीतींचे साम्य लागते. ते पुरेसे उभे राहिले नाही. त्याच सांकळियांनी थर, आकार, भाजणी यांवर बेतलेले जोर्वेचे वर्गीकरण मात्र आजही वापरात आहे. सवयीबद्दलचे निष्कर्ष टिकले, नावाबद्दलचे डळमळले.

इथे एक न्याय्य आक्षेप घेता येईल. भांड्यांवरून माणसे बदलली असे म्हणायचे नाही, मग भांड्यांच्या आकारावरून माणसे तीच राहिली असे तरी कसे म्हणता? युक्तिवाद सोयीनुसार फिरवला जातो आहे का? याचे उत्तर असे, की सातत्याचा दावा एकट्या खापरांवर उभा नाही आणि तसा उभा राहूही नये. त्याचा कणा दफनविधी आहे. आणि हलाखीचा दावा तर पूर्णपणे वेगळ्या पुराव्यावर तपासता येतो: हाडांवर आणि दातांवर. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास केला, तेव्हा उत्तर जोर्वे काळात दातांची कीड कमी झालेली आढळली. पिठूळ धान्य जास्त खाल्ले की कीड वाढते. ती कमी झाली याचा अर्थ आहारातला शेतीचा वाटा घटला असावा आणि शिकार-संकलनाचा वाढला असावा. ग्वेन रॉबिन्स शुग यांच्या 2011 मधल्या ग्रंथात मुलांच्या सांगाड्यांवर वाढ खुंटल्याच्या खुणा नोंदवलेल्या आहेत. ज्या पोरांची हाडे भुकेची साक्ष देतात, त्यांच्या घरात नक्षीचे भांडे नव्हते. दोन्ही पुरावे परस्परांपासून स्वतंत्र असून एकाच दिशेला बोट दाखवतात. कुंभाराचे कसब हे गावाच्या उरलेल्या धान्यावर पोसले जाते. धान्य उरेनासे झाले, की माती गाळण्यात आणि रेघा ओढण्यात दिवस घालवणे परवडत नाही. नक्षीचे जाणे हे अभिरुचीच्या ऱ्हासापेक्षा अर्थव्यवस्थेच्या आकुंचनाचे चिन्ह आहे.

ही वेळ का आली, याबद्दल मात्र खापर फार काही सांगू शकत नाही, आणि त्याच्याकडून ते वदवून घेऊ नये. ढवळीकरांनी पाऊस घटल्याचे कारण मांडले आणि ते मराठी वाचकांत चांगलेच रुजले. नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले: दख्खनचे हवामान या वसाहती उभ्या राहण्याच्या आधीपासूनच निमकोरडे होते, मग दोष सगळा आभाळाचा, की कस गेलेल्या जमिनीचा आणि तिच्यावर पडलेल्या लोकसंख्येच्या भाराचाही? शीना पांजा यांनी तर इनामगावचे लोक वर्षभर एकाच जागी राहत होते, हे गृहीतकच तपासायला घेतले. हे वाद परागकण, गाळ, जनावरांची हाडे यांच्या आधारे पुढे जातील. खापराने आपले काम केले आहे: बदल केव्हा झाला, कुठे झाला आणि त्याची झळ घरातल्या चुलीपर्यंत कशी पोचली, हे त्याने दाखवले.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. कार्बन-14 ने थेट वर्षे मिळत असताना खापरे मोजत बसण्यात अर्थ काय? खरे तर कार्बन-14 मुळेच जोर्वेचा काळ पक्का झाला, हे मान्य करायला हवे. पण या पद्धतीलाही आंधळा टप्पा आहे. वातावरणातल्या कार्बनच्या प्रमाणामुळे साधारण इ.स.पू. 800 ते 400 या काळातले नमुने जवळजवळ सारखीच मोजणी दाखवतात, त्यामुळे त्या चार शतकांत नेमके कुठे आहोत हे सांगता येत नाही. इनामगावचा शेवट नेमका या टप्प्यात शिरतो. तिथे थर आणि भांड्यांचा क्रम हाच आधार उरतो. शिवाय कार्बन-14 ला कोळसा किंवा हाड मिळावे लागते. शेतात नुसते फिरून गोळा केलेल्या खापरांवरून एखाद्या खोऱ्यात केव्हा किती गावे होती याचा नकाशा काढता येतो, आणि दोनशे जोर्वे स्थळांपैकी बहुतेकांची ओळख अशीच पटली आहे.

या सगळ्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो आणि तो संग्रहालयांपेक्षा शेतांशी संबंधित आहे. खापराची साक्ष त्याच्या थरात असते: कोणत्या घटाशेजारी, कोणत्या जमिनीखाली, कोणत्या भट्टीलगत ते पडले होते यात. इनामगावने जे सांगितले ते खापरांच्या सौंदर्यामुळे सांगितले नाही. राखाडी घट आणि रंगीत वाडगा एकाच खड्ड्यात जागच्या जागी मिळाले म्हणून सांगितले. महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या टेकाडांना पांढर म्हणतात, आणि तिची माती कसदार म्हणून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून शेतात टाकत आले आहेत. बैलगाडीच्या काळात हा उपसा हळू होता. आता यंत्राने एखादे टेकाड पाहता पाहता सपाट होऊ शकते. त्यात खापर नष्ट होत नाही, ते शेतात विखुरते, आणि कोणी उचलून कपाटात ठेवले तर देखणेही दिसते. पण त्या कपाटातल्या खापरावरून कोणी दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांचा वंश, भाषा किंवा देव सांगू लागला, तर त्याला इतकेच विचारावे: हे कोणत्या थरातले, आणि याच्या शेजारी काय होते? उत्तर नसेल, तर पुढचे सगळे त्या खापराचे नाही, सांगणाऱ्याचे आहे.